झोपेला राखण लागते

नोव्हेंबरचा पहिला रविवार आला की आमच्या घरातली घड्याळं होती तशीच चालू असतात पण वेळा मात्र सगळ्या बदलतात. अमेरिकेत त्या दिवशी घड्याळ एक तास मागे घेतात आणि इकडे पिंपळे सौदागरला, तिसऱ्या मजल्यावर, आमचं रात्रीचं जेवण, माझी झोप, लेकीचा अभ्यास, सगळं एक तास पुढे सरकतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. तिकडे सकाळचे नऊ वाजले की माझी शिफ्ट सुरू, म्हणजे आपल्याकडे कधी संध्याकाळचे साडेसहा तर कधी साडेसात, आणि संपते पहाटे साडेतीनला नाहीतर साडेचारला. मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत उलटं फिरतं. ११ वर्षं हे असं चाललंय. तीन दिवस हिंजवडीला ऑफिसात, दोन दिवस घरून, आणि काम सपोर्टचं, म्हणजे तिकडे काही बंद पडलं की इकडे आमचे फोन वाजणार.

काम मला आवडतं, हे आधीच सांगते. रात्री दोन वाजता एखादी अडकलेली गोष्ट सुटते आणि पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास टाकतो तो फोनवर ऐकू येतो, त्यात एक समाधान असतं. त्यामुळे हे नोकरी सोडण्याबद्दल नाहीये. हे झोपेबद्दल आहे, आणि झोपेवरून घराबद्दल.

पहिली बरीच वर्षं मी असं धरून चालले होते की दिवसाची नीट आखणी केली की सगळं बसेल. फ्रिजवर टाइमटेबल लावलं होतं, तीन रंगांच्या पेनांनी केलेलं. पहाटे पाच ते अकरा झोप, मग अंघोळ, स्वयंपाकाचं बघायचं, दोनला लेक शाळेतून येते तेव्हा तिचं खाणं, मग अभ्यास, मग थोडं पडायचं, मग चहा, मग लॉगिन. कागदावर अगदी बरोबर बसायचं सगळं, चोवीस तासांत एक तास उरायचासुद्धा, त्याच्यापुढे मी हिरव्या पेनाने 'वाचन' लिहिलं होतं.

पण पाच ते अकरा या सहा तासांत काय काय होतं ते कागदावर नव्हतं. साडेसहाला लेकीचा डबा, तो नवरा करतो, पण पोळीचा डबा कुठे ठेवलाय हे विचारायला तो दार किलकिलं करून बघणार. सातला घंटागाडी, तिचं ते गाणं. साडेआठला समोरच्यांचा मिक्सर. मग इस्त्रीवाला, मग कुरिअर, मग 'भंगारऽए' असं ओरडत जाणारा माणूस, मग भाजीची गाडी, तिच्यावर आता स्पीकर असतो आणि त्यात तेच ते रेकॉर्ड केलेलं वाक्य, बटाटा वीसला किलो. प्रत्येक आवाज छोटा. पण मी प्रत्येक आवाजाला जागी व्हायचे, आणि जागी झाले की हॉलमधलं बोलणं कानावर यायचं, ते ऐकलं की वाटायचं आपण उठायला पाहिजे, सगळे कामाला लागलेत आणि आपण लोळतोय. लोळतोय हाच शब्द डोक्यात यायचा, रात्रभर काम करून आलेल्या बाईला स्वतःबद्दल. आणि मी उठायचे. साडेतीन तास, चार तास झोप, आणि वर्षानुवर्षं मी त्यालाच सवय म्हणत होते.

शरीराला ती सवय होत नाही, एवढं मी नंतर वाचलं. शरीराच्या आत एक घड्याळ असतं, अगदी पेशी-पेशीत, आणि ते कसं चालतं हे फळमाश्यांवर अभ्यास करून ज्या तिघांनी शोधलं त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्या घड्याळाला सगळ्यात मोठी चावी उजेडाची. काम लांबलं की पहाटे कॅबमधून घरी येताना झुंजूमुंजू झालेलं असतं, वाकडचा पूल ओलांडेपर्यंत डोळ्यांवर उजेड येतो आणि आतलं घड्याळ म्हणतं चला, दिवस उगवला. आणि मी म्हणते आता झोप. ही ओढाताण नेहमीची. पण हे सगळं वाचण्याच्या आधी एक गोष्ट घडली आणि खरं तर तिच्यामुळे मी वाचायला लागले.

फेब्रुवारी होता. सासू-सासरे लग्नाला मंगळवेढ्याला गेलेले, नवरा ऑफिसात. आदल्या रात्री रिलीज होतं, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चालू करायची होती, मी सकाळी सातला लॅपटॉप बंद केला, मग गॅसवाला आला, मग झोप मोडली ती मोडलीच. दुपारी एकला म्हटलं दहा मिनिटं पाठ टेकू. जाग आली तेव्हा तीनला दहा मिनिटं कमी होती. लेकीची बस दोन वाजून दहा मिनिटांनी गेटवर येते. माझ्या हातापायातलं बळ गेलं, तशीच दार उघडून चप्पल न घालता निघाले, आणि लेक दाराबाहेर जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली. दप्तर मांडीवर, त्याच्यावर वही, वहीत चित्र काढत होती. वॉटरबॅग बाजूला आडवी. मोजे काढून बुटात खोचून ठेवलेले, नीट, दोन बुटांत दोन.

मी म्हटलं अगं बेल का नाही वाजवलीस? ती म्हणाली, "तू झोपली असशील ना. आज्जी म्हणते रात्री काम करणाऱ्याला उठवायचं नसतं."

नऊ वर्षांची होती तेव्हा. ४० मिनिटं ती तिथे बसून होती, उन्हाळा नुकता लागत होता, जिन्यात पंखा नाही, काही नाही. घामाने केस कपाळाला चिकटले होते. मी तिला आत घेतलं, लिंबूसरबत करून दिलं, आणि ती पीत असताना मी ओट्याशी पाठ करून उभी राहिले कारण मला रडू येत होतं आणि ते तिने बघू नये असं वाटत होतं. माझी झोप कुणीतरी राखली होती, आणि ती राखणारी घरातली सगळ्यात लहान व्यक्ती होती, जिचं ते काम नव्हतं.

आई-बाबा परत आल्यावर मी हे सांगितलं. बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, वाईट वाटलं, ते उठून लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून आले. आई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी कणीक मळताना एकदम म्हणाल्या, "आपल्याकडे टॉवेल होता."

कुठला टॉवेल? मग त्यांनी सांगितलं.

बाबा पिंपरीत एका कारखान्यात ३३ वर्षं मशीनवर होते. तिन्ही पाळ्या, आठवड्याला बदलणाऱ्या. फर्स्ट, सेकंड, थर्ड. तेव्हा ते आकुर्डीला बैठ्या चाळीत दोन खोल्यांत राहायचे, दोन मुलं, एक दीर शिकायला आलेला. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात बाबा सकाळी आठला घरी यायचे आणि तोवर आईंचा कुकर उतरलेला असायचा, कारण ते झोपल्यावर शिट्टी नको. डाळ, भात, बटाटे, जे काही शिट्टीचं ते साडेसातच्या आत. मसाला वाटायचा तोही आधी. खिडकीला वाकळ टांगायच्या, जुन्या नऊवारीची शिवलेली, तिच्यातून उजेडाचा एक थेंब यायचा नाही म्हणतात. आणि दाराच्या कडीला बाहेरून एक निळा टॉवेल अडकवायच्या. निळा टॉवेल म्हणजे रात्रपाळी झोपलीये. अख्ख्या चाळीला ते ठाऊक होतं. कडी कुणी वाजवायची नाही, पोरांनी त्या दारापुढे चेंडू खेळायचा नाही, पोस्टमनसुद्धा पत्र शेजारी द्यायचा. चाळीत थर्ड शिफ्टवाली बरीच घरं, प्रत्येकाची आपापली खूण, कुणी झाडू आडवा ठेवायचं, कुणी दारात पाट उभा करायचं. त्यांचा रविवारही रविवारी नसायचा. या पट्ट्यातल्या कारखान्यांना विजेच्या नियोजनापायी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, त्यामुळे मुलांना सुट्टी असायची तेव्हा बाप कामावर आणि बाप घरी तेव्हा मुलं शाळेत. तरी गुरुवारी रात्री सगळ्यांनी एका ताटाभोवती बसायचं, शाळेचं काही असो, हा त्या घराचा नेम.

मी त्या कणकेच्या परातीजवळ उभी राहून ऐकत होते आणि मला जे इतकी वर्षं कळलं नव्हतं ते तिथे कळलं. बाबांच्या वाट्याला माझ्यापेक्षा जास्त वेळ आला नव्हता. दोन खोल्या, पाच माणसं, दर आठवड्याला पाळी बदलणार. पण त्यांच्या झोपेला राखण होती. मी माझं टाइमटेबल एकटीने आखलं होतं आणि एकटीनेच पाळायला निघाले होते. झोपलेलं माणूस स्वतःच्या झोपेवर पहारा देऊ शकत नाही, ते दुसऱ्या कुणीतरीच द्यावं लागतं. शेताला राखण लागते, खळ्याला लागते, तशी झोपेलाही लागते.

आईंचं माहेर पंढरपूरजवळचं. त्यांनी त्याच आठवड्यात मला अजून एक गोष्ट सांगितली जी मी ऐकून होते पण तिच्याकडे अशी कधी पाहिली नव्हती. आषाढीच्या वारीत लाखो माणसं दर्शनाला येतात, बारीत तासन्तास उभी असतात, म्हणून देव झोपत नाही. विठ्ठलाचा आणि रुक्मिणीचा पलंग शेजघरातून बाहेर काढतात, शेजारती बंद, पंधरा-वीस दिवस देव रात्रंदिवस उभाच. पाठीला टेकायला कापसाचा लोड देतात तेवढाच. मग वारी सरली, गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा. देवाला गरम पाण्याने अंघोळ, पायांना लिंबू-साखर चोळायची, रात्री काढा द्यायचा आणि पलंग परत शेजघरात. शीण काढायचा देवाचा. आई म्हणाल्या, "देव उभा राहतो ते सगळ्यांना दिसतं. पण नंतर त्याचे पाय चोळणारंही कुणी आहे, म्हणून तो कार्तिकीला परत उभा राहू शकतो." त्यांच्या माहेरी या दिवसाला घरातल्या बायकाही पायाला गरम पाणी घ्यायच्या, वारकऱ्यांचं जेवणखाण करून त्याही थकलेल्या असायच्या.

तेव्हापासून आमच्या घरात प्रक्षाळ हा शब्द वापरात आला. महिन्याच्या शेवटी माझं रिलीज असतं, तीन-चार रात्री वाईट जातात, तेव्हा कुणी मला नेहमीची झोप घे म्हणून सांगत नाही, कारण ते व्हायचं नाही. त्या रात्री उभं राहायचं. पण नंतरचा एक दिवस ठरलेला, ऑफिसात मी कॉम्प-ऑफ, म्हणजे जादा कामाच्या बदल्यातली सुट्टी, आधीच टाकून ठेवते, आणि त्या दिवशी मी उठेन तेव्हा उठते. मॅनेजरला पहिल्यांदा सांगताना मला संकोच वाटला होता, मी सरळ ही पंढरपूरची गोष्टच सांगितली. तो विजयवाड्याचा आहे. ऐकून घेतलं, म्हणाला घे. आता टीममधली चार-पाच जणं म्हणतात, आज माझी प्रक्षाळ आहे, मेसेज करू नका. मला त्याचं फार बरं वाटतं.

बाबा युनियनमध्ये होते, त्यामुळे सुट्टीचा विषय निघाला की ते नारायण मेघाजी लोखंड्यांवर येतात, आणि यावंच. आपण रविवार गृहीत धरतो पण मुंबईच्या गिरण्यांमध्ये तो नव्हता. लोखंडे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू' या वृत्तपत्राचे संपादक, स्वतः गिरणीत नोकरी केलेले. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारला दिलं. मागण्या काय, तर आठवड्याला रविवारी एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. दुपारी अर्धा तास! एवढ्यासाठी सह्या गोळा कराव्या लागल्या. सहा वर्षं गेली, एप्रिल १८९० मध्ये मुंबईत मोठी सभा झाली, हजारो कामगार, त्यात दोन बायकांनीही भाषणं केली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. बाबा हे सांगताना नेहमी म्हणतात की सुट्टी कुणा एकट्याने घेतलेली नाही, सगळ्यांनी मिळून सगळ्यांसाठी घेतलीये. मी आधी हे युनियनवाल्यांचं बोलणं म्हणून ऐकायचे. आता त्या दोन बायकांचा विचार येतो. गिरणीत दिवसभर उभं राहून, घरी जाऊन चूल पेटवणाऱ्या, त्या कुठल्या वेळात सभेला आल्या असतील, मुलं कुणाजवळ ठेवली असतील, आणि बोलायला उभ्या राहिल्यावर आवाज कसा लागला असेल.

आता आमचा दिवस सांगते, फार मोठं काही नाही. माझ्या खोलीच्या कडीला निळा टॉवेल असतो. बेलला नवऱ्याने स्विच बसवून घेतला, तो सकाळी बंद. खिडकीला जाड पडदा, वाकळ नाही पण काम तेच करतो. कॅबमध्ये मी डोळ्यांवर ओढणी घेऊन बसते. कुरिअर खाली वॉचमन काकांकडे. नवरा पोळीचा डबा कुठे आहे हे आता विचारत नाही, त्याला स्वयंपाकघर पाठ झालंय आणि लेक म्हणते बाबाची भेंडी तुझ्यापेक्षा कुरकुरीत होते, ते खरंही आहे. आणि संध्याकाळी पाच ते सहा चहा. ती वेळ हलत नाही. अमेरिकेने घड्याळ पुढे घेवो की मागे, पाच म्हणजे आपले पाच, नवरा त्या वेळी कॉल घेत नाही, कामासाठी परत बसायचं असेल तर सहानंतर बसतो. चहा, बटर नाहीतर खारी, लेकीच्या शाळेतलं सगळं साग्रसंगीत, बाबांचा पेपर. बाकीचं सगळं त्या एका तासाच्या आजूबाजूला लावून घेतो. कधी बिघडतं, अख्खा आठवडा बिघडतो, पण मग पाचला सगळे परत तिथे येतात.

हे सगळं बसलं, वर्षभर बरं चाललं, आणि मागच्या पावसाळ्यात एका दुपारी मी आईंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या, मी शेजारी बसले होते, बाबा आरामखुर्चीत. मी म्हटलं, आई, बाबांची थर्ड शिफ्ट असायची तेव्हा तुम्ही कधी झोपायचात?

"ते उठले की."

ते कधी उठायचे?

"अडीचला."

आणि मुलं शाळेतून कधी यायची?

त्या थांबल्या. मेथीची जुडी हातात तशीच. "अडीच-पावणेतीनला." मग म्हणाल्या, "निवडता निवडता लागायचा डोळा कधीतरी. भिंतीला टेकून."

पुढे कुणीच काही बोललं नाही. बाबांनी पेपर खाली ठेवला होता. ३३ वर्षं त्यांच्या झोपेला राखण करणारी बाई त्यांच्यासमोर बसली होती आणि तिला कधी झोप मिळाली हा प्रश्न त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा विचारला गेला, तोही मी विचारला, जी गेली दोन वर्षं तिच्याच राखणीत झोपत होते. कारण माझा टॉवेल कडीला रोज कोण अडकवत होतं? मी झोपायच्या आत कुकर कोण उतरवत होतं? मी काय सुधारलं म्हणून आनंदात होते, आणि खरं तर आईंनी ७१ व्या वर्षी परत थर्ड शिफ्टचा आठवडा धरला होता, न संपणारा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कुकर लावला. आई नको म्हणाल्या, हात भाजेल म्हणाल्या, डाळीत पाणी किती घालतात तुम्हाला माहीत नाही म्हणाल्या. ते म्हणाले, सांग, शिकतो. मशीनवरच्या माणसाला वाफेचं काय सांगायचं, तसा त्यांचा कुकर पहिल्याच दिवशी नीट झाला, भात थोडा गिचका. आता सकाळचा कुकर त्यांचा. आणि दुपारी दीड ते तीन आईंच्या खोलीचं दार लोटलेलं असतं. पहिले काही दिवस त्या नुसत्या पडून राहायच्या, कुशी बदलल्याचा आवाज यायचा, मधेच उठून यायच्या की दूध तापवायचं राहिलंय. बाबा म्हणायचे तापवलंय, जा. हळूहळू झोपायला लागल्या. आता घोरतात, बारीक, आणि बाबांना ते ऐकायला आवडतं असं मला वाटतं, ते खुर्ची दाराच्या जवळ घेऊन बसतात.

काल मी पाणी प्यायला उठले तेव्हा दुपारचे सव्वादोन झाले होते. खाली भाजीची गाडी आलेली, स्पीकर चालू. बाबा गॅलरीत जाऊन कठड्यावरून वाकले आणि दोन्ही हात जोडून त्या भाजीवाल्याला मानेने वर खूण केली. त्याने स्पीकर बंद केला, मान हलवली, गाडी पुढे नेली. तेवढ्यात दारात किल्ली फिरली, लेक आली. आता तिच्याकडे किल्ली असते. तिने बूट हातात घेतले, पायमोज्यांवरच आत आली, आणि आधी माझ्या दाराकडे बघितलं, मग आईंच्या. निळा टॉवेल आईंच्या कडीला होता. तिने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं आणि दप्तर उतरवायला बाबांकडे पाठ केली, म्हणजे चेनचा आवाज होऊ नये म्हणून ते दोघं मिळून ते हळू हळू उघडतात.